ठरलं का? नाही अजून. (बिनपक्षाच्या मतदाराची ७२ वर्षं)

परवा स्टँडसमोरच्या टपरीवर एकाने विचारलं, "काय पत्रकार, ठरलं का?" मी म्हटलं, "नाही अजून." तर सगळे हसले. एक म्हणाला, "ह्यांचं ठरलंय, सांगत नाहीत." दुसऱ्याने लगेच मला समोरच्या पार्टीत ढकलून दिलं. संध्याकाळी त्या समोरच्या पार्टीच्या माणसाने फोन करून विचारलं, "तुम्ही तिकडं गेलात म्हणे?"

मंडळी, खरंच ठरलेलं नाही. येत्या सोमवारी, १३ मे २०२४ ला आपल्याकडे मतदान आहे. वीस-बावीस वर्षं बातमीदारी केली, प्रत्येक निवडणुकीत दुसऱ्यांना "हवा कुणाची?" विचारत फिरलो, आणि या वेळी माझंच गाडं अडलंय.

पण ही पोस्ट माझ्यासाठी नाही, आईसाठी आहे. आई ६९ वर्षांची. १९७७ पासून एकही मतदान चुकवलं नाही तिने. ह्या रविवारी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "मी नाही यायची या वेळी. आपण एकीकडं टाकतो, ते दुसरीकडं जातं. मग उन्हात कशाला जायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून दोन दिवस जुने आकडे काढून बसलो. ज्याचं ठरलेलं नसतं, ज्याच्या गाडीवर झेंडा नसतो, त्या माणसाने आजवर केलं तरी काय, ते बघायला. जे सापडलं ते सांगतो. मोठं आहे, चहा घेऊन बसा.

*१९५२ : पडद्यामागच्या पेट्या*

पहिली लोकसभा निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चार महिने चालली. मतदार सतरा कोटींच्या वर आणि देशात साक्षर शंभरात अठरा. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तोड काढली ती अशी, की प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. शिक्का नाही, खूण नाही. कोरी मतपत्रिका घ्यायची, आडोशाला जायचं, हव्या त्या पेटीत टाकायची.

पेट्या आडोशाला कशासाठी? पाटलाला, सावकाराला, नवऱ्याला कळू नये म्हणून. म्हणजे बाहेर कुणाचंही मीठ खाल्लेलं असो, आडोशाला माणूस एकटाच असणार, हे या व्यवस्थेने पहिल्या दिवसापासून धरलेलं आहे. त्याच निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. आयोगाने ती नावं घेतली नाहीत. मत ज्याचं त्याचं, दुसऱ्याच्या नावावर नाही, हा त्यातला अर्थ.

*१९५७ आणि १९६२ : गेले आणि परत आले*

आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात की जुनी माणसं बैलजोडीवर डोळे झाकून शिक्का मारायची. तसं नव्हतं. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न पेटलेला होता. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. पुण्यात काकासाहेब गाडगीळांसारखा माणूस ना. ग. गोऱ्यांकडून हरला. राजापुरातून नाथ पै गेले, मुंबईतून डांगे गेले.

१ मे १९६० ला राज्य झालं. आणि १९६२ ला काँग्रेसने लोकसभेच्या ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या! आता ह्या लोकांना काय म्हणायचं? गद्दार? पलटूराम? त्यांचं एक काम होतं, त्यासाठी ते उठून गेले. काम झालं, परत आले.

*१९७७ : आमच्या घरातली गोष्ट*

आजोबा प्राथमिक शिक्षक. पक्ष-बिक्ष काही नाही, पण मत काँग्रेसला, हे ठरलेलं. त्याला कारणही होतं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर गाव जगलं. खडी फोडायला बाया जायच्या, सुकडी मिळायची. आजोबा म्हणायचे, सरकारने त्या वर्षी माणसं मरू दिली नाहीत, हे विसरायचं नाही.

मग आणीबाणी आली. शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायचा कोटा. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ ला सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. आजोबा सायकलवर वस्त्यांवर जायचे. ज्या पोरांना बाराखडी शिकवली त्यांच्याच दारात जाऊन, "चल रे, तुझं ऑपरेशन करू" म्हणायचे. लोक त्यांना बघून उसात पळायचे. घरी आले की जेवायचे नाहीत.

१८ जानेवारी १९७७ ला निवडणूक जाहीर झाली, मार्चमध्ये मतदान. आईचं ते पहिलं मत, मी तेव्हा तिच्या पोटात. आई सांगते, महिनाभर आजोबांचा जीव वर-खाली होत होता. एका बाजूला सुकडी, दुसऱ्या बाजूला उसात पळणारी पोरं. दोन्ही खरं, आणि दोन्ही एकाच सरकारचं. गाय-वासरू की चक्रातला नांगरधारी शेतकरी? मतदानाच्या दिवशी आईने विचारलं, "मामंजी, कुठं मारू?" ते म्हणाले, "तुझं तू बघ. मला विचारू नको, माझंच मला कळंना."

शेवटी त्यांनी शेतकऱ्यावर मारला. हे त्यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

महाराष्ट्राचंही तसंच झालं. उत्तरेत काँग्रेस धुऊन निघाली, पण आपल्याकडे ४८ पैकी काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९, शेकापला ५, मार्क्सवाद्यांना ३ आणि रिपब्लिकन खोब्रागडे गटाला १. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या, तर विदर्भ बहुतेक तिच्याकडेच राहिला. म्हणजे नुसते आमचे आजोबा नाही, अख्खं राज्य आडोशाला उभं राहून विचार करत होतं.

जनता सरकार आपसातल्या भांडणात पडलं. १९८० ला त्याच महाराष्ट्राने इंदिरा काँग्रेसला ३९ जागा दिल्या. आजोबाही परत गेले, हाताच्या पंजावर. आणीबाणी विसरले का? नाही. मरेपर्यंत ते नसबंदीचं बोलले की आवाज बदलायचा. पण शिक्षा देऊन झाली होती, आणि नवीन आलेल्यांनी घर चालवून दाखवलं नाही, एवढा त्यांचा हिशोब.

*१९९६, ९८, ९९ : माझी पहिली तीन मतं*

माझ्या पिढीला तर साडेतीन वर्षांत तीन लोकसभा मिळाल्या. महाराष्ट्राचे आकडे बघा. १९९६ ला भाजप-सेना युतीला ४८ पैकी ३३. १९९८ ला त्याच युतीला फक्त १०, आणि काँग्रेस ३३ वर. शिवाय काँग्रेसशी समझोता केलेल्या रिपब्लिकन नेत्यांपैकी चौघे सर्वसाधारण जागांवरून निवडून आले. १९९९ ला युती पुन्हा २८ वर. एवढी उलथापालथ कार्यकर्ते करत नाहीत. कार्यकर्ता तिन्ही वेळा एकाच ठिकाणी मत देतो. इकडून तिकडे सरकतो तो तुमच्या-माझ्यासारखा.

(अर्थात पक्ष कसे जोडले गेले, कोण कोणाविरुद्ध उभा, यानेही जागा हलतात. ९८ ला काँग्रेस एकत्र होती, ९९ ला राष्ट्रवादी वेगळी झाली. सगळं श्रेय मतदाराला देऊ नये.)

पण ९९ ची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मताने पडलं. सप्टेंबरमध्ये लोकसभा आणि आपली विधानसभा एकत्रच झाली. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. हातात दोन मतपत्रिका, लोकसभेची पांढरी, विधानसभेची गुलाबी. त्याच खोलीत, त्याच मिनिटाला दोन शिक्के मारायचे. निकाल काय लागला? लोकसभेत युतीला साधारण ३८ टक्के मतं, विधानसभेत साधारण ३२. दिल्लीत वाजपेयींना आपण २८ खासदार दिले, आणि मुंबईतलं युतीचं सरकार १२५ आमदारांवर थांबलं. दोन्ही काँग्रेस वेगवेगळ्या लढून नंतर एकत्र आल्या आणि विलासराव मुख्यमंत्री झाले.

शंभरातले पाच-सहा जण. दोन कागदांवर दोन वेगळे विचार करणारे. ह्यांना तेव्हाही लोक "कुंपणावरचे" म्हणाले असतील. पण दिल्लीचं काम वेगळं, राज्याचं वेगळं, हे ह्या पाच-सहा जणांनी कुणी न शिकवता ओळखलं होतं.

*मग आता काय बदललं?*

आईचं दुखणं इथं आहे. वरच्या सगळ्या गोष्टींत मतदार हलत होता, पक्ष जागेवर होते. पक्ष तेव्हाही फुटायचे, सरकारं तेव्हाही पडायची. म्हणूनच १९८५ ला पक्षांतरबंदी आली आणि २००३ ला एक-तृतीयांश फुटीची पळवाट बंद केली. तरीपण २०१९ नंतर आपल्या राज्यात जे झालं ते आईच्या ७० वर्षांत तिने पाहिलं नव्हतं. आधी युतीत निवडून आलेले विरोधकांबरोबर सत्तेत बसले. मग जून २०२२ ला शिवसेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी. धनुष्यबाण एकाकडे, मशाल दुसऱ्याकडे. घड्याळ एकाकडे, तुतारी दुसऱ्याकडे. प्रत्येक बाजूकडे आपलं कारण आहे आणि प्रत्येक बाजू दुसरीला गद्दार म्हणते. मी त्यात न्यायाधीश व्हायला बसलेलो नाही.

पण ज्याने २०१९ ला मत दिलं तो जागेवरच आहे आणि त्याचं मत गावभर फिरून आलंय. बाई म्हणते "मी येत नाही", तर तिला आळशी म्हणू नका. ती रुसलीये, आणि रुसायला तिला कारण आहे.

*नोटा दाबू का?*

हा प्रश्न मला रोज येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालाने 'नोटा' आला. तुमचा राग नोंदवला जातो, हे खरं. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. पण लोकसभेत नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ ला स्थानिक संस्थांसाठी फेरनिवडणुकीचा नियम केला, लोकसभेला तो नाही. दाबायचा तर हे माहीत असून दाबा.

आणि घरी बसणं? २०१९ च्या लोकसभेला राज्यात सुमारे ६१ टक्के मतदान झालं. दहातले चार घरी. २०१४ ला रायगडमध्ये अनंत गीते २,११० मतांनी जिंकले. सुनील तटकरेंच्याच नावाच्या दुसऱ्या एका अपक्षाला नऊ हजारांहून जास्त मतं पडली होती. नीट न वाचता दाबलेली बटणं खासदार ठरवतात, तर विचार करून दाबलेलं का नाही ठरवणार? १९८९ ला आंध्रातल्या अनकापल्लीत खासदार ९ मतांनी निवडून आला. नऊ. एका घरातली माणसं.

*मी काय करतोय*

उपदेश नाही, माझं सांगतो. कागद घेऊन दोन उमेदवारांची नावं लिहिली. दोघांची प्रतिज्ञापत्रं आयोगाच्या 'केवायसी' अ‍ॅपवर काढली. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं त्यात असतं. मागच्या पाच वर्षांत कांद्यावर, दुधावर, पाण्यावर कोण काय बोललं आणि कुठं गप्प बसलं, ते माझ्याच जुन्या बातम्यांतून काढलं. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा, त्यातलं आपल्या तालुक्यात काय दिसतं ते बघितलं. मग आजोबांचा प्रश्न स्वतःला विचारला : कुणाचं काय विसरायचं नाही? दोन्ही नावांखाली लिहिलं. दोन्हीकडे चार-चार ओळी झाल्या, म्हणून तर ठरत नाही! पण महिन्यापूर्वी माझ्याकडे नुसता वैताग होता. आता आठ ओळी आहेत.

हे सगळं काल रात्री आईला वाचून दाखवलं. आजोबांच्या सायकलचं आलं तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावला. बाकी काही बोलली नाही. नोटाचं वाचताना पेंगायला लागली होती.

आज सकाळी मात्र चहा देताना म्हणाली, "सोमवारी सातलाच ने. ऊन व्हायच्या आत." मी म्हटलं, "ठरलं का मग?" तर म्हणाली, "तुझं तू बघ."

(यादीत नाव नसेल, केंद्र सापडत नसेल तर इनबॉक्समध्ये सांगा, शोधून देतो. पक्ष कोणता ते सांगायची गरज नाही.)