गिऱ्हाईक टिकतं कशानं? गोलाईतल्या पट्टीला विचारा

लातूरच्या गंजगोलाईत उभं राहिलं की 16 रस्ते फुटलेले दिसतात. ही पेठ 1917 ची. आज आपण तिथं कपडे, भांडी, सोनं घ्यायला जातो, पण लातूर वाढलं ते धान्याच्या गंजावर. "गिऱ्हाईक कसं टिकवायचं" याचे व्हिडिओ हल्ली रोज मोबाईलवर येतात. मला वाटतं, त्याचं उत्तर आपल्या बाजाराच्या इतिहासात आहे. चांगलं पण, वाईट पण.

1911 ला बार्शी लाईट रेल्वे लातूरपर्यंत आली. त्याआधी आपल्या भागातला माल बैलगाडीनं बार्शीकडं जायचा. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, लातूर निजामाच्या. इकडं हाली शिक्का, तिकडं कलदार. दोन्ही रुपयांचा भाव वेगळा. तो भाव व्यापाऱ्याला ठाऊक, शेतकऱ्याला नाही. त्यात सौदा व्हायचा रुमालाखाली, बोटं दाबून. माल ज्याचा, तोच शेजारी उभा. पण कुणी किती बोली लावली हे त्याला कळायचं नाही.

मग शेतकऱ्याच्या बाजूनं कोण? आडत्या. आडत्या म्हणजे खरेदीदार नव्हे. तो शेतकऱ्याचा माल विकून देणारा, त्याबदल्यात आडत घेणारा. म्हणजे शेतकरी हेच त्याचं गिऱ्हाईक. पेरणीला उचल, लग्नाला उचल, दुखण्याला उचल. सावकार दारात उभा करत नसताना आडत्यानं पैसे दिले, हे विसरून चालणार नाही. पण अट एकच असायची: सुगीचा माल माझ्याच दुकानात. भाव पटो न पटो.

अशी कितीतरी नाती दोन-दोन पिढ्या टिकली. आपण त्याला "घरोबा" म्हणतो. काही ठिकाणी तो खरंच घरोबा होता. काही ठिकाणी मात्र नुसती बाकी होती. बाकी फिटली नाही म्हणून येणारा माणूस गिऱ्हाईक नसतो, तो अडकलेला असतो.

हैदराबाद संस्थानात 1930 साली बाजाराचा कायदा आला, महाराष्ट्रात 1963 साली. उघडा लिलाव, परवानाधारक मापाडी, हातात हिशोबाची पट्टी. कायदा सगळीकडं नीट पाळला गेला असं कोण म्हणेल! तरी एक गोष्ट बदलली. शेतकऱ्याला दोन दुकानांच्या पट्ट्या शेजारी ठेवून बघता यायला लागल्या. हमाली किती, तोलाई किती, आडत किती.

आमचे आजोबा औसा तालुक्यातले. त्यांनी अशाच दोन पट्ट्या ताडून दुकान बदललं, आणि मग मरेपर्यंत बदललं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपानं घर पडलं, कागदपत्रं ढिगाऱ्यात गेली. दुकानाच्या खतावणीत आमची तीन पोत्यांची रक्कम जमा होती. आमच्याकडं पुरावा काहीच नव्हता. आठवड्याभरात मुनीम पैसे घेऊन शेडवर आला. त्या घरात अजून आमची तूर जाते. का जाते, हे कुणी शिकवावं लागलं नाही.

आता नांदेडकडं बघा. तिकडं कापूस. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. खाजगी व्यापारी बाजूला, माल सरकारी खरेदीलाच घालायचा. हेतू चांगला होता. पडत्या भावात शेतकऱ्याला त्याचा आधारही झाला. पण पैसे हप्त्यानं, चुकारा लांबलेला. पलीकडं आंध्रात भाव चढला की किनवट, धर्माबादकडच्या गाड्या रातोरात सीमा ओलांडायच्या. पोलीस, नाके, सगळं असून. म्हणजे कायद्यानं बांधलेलं गिऱ्हाईक सुद्धा पळतं.

उचलीनं बांधलं, मन उठलं. कायद्यानं बांधलं, माल पळाला. टिकलं कुठं? जिथं माणसाला जायला वाट मोकळी होती आणि तरी तो गेला नाही तिथं. आणि तो गेला नाही, कारण हिशोब त्याच्या डोळ्यासमोर होता, पैसा वेळेवर होता, आणि वाईट वर्षात दुकानदारानं ओळख दाखवली होती.

आज किराणा असो, खत-बियाणं असो की मोबाईलचं दुकान, आपली पोरं ऑनलाईन कंपन्यांना घाबरून आहेत. सवलतीत आपण त्यांना पुरे पडणार नाही. पण उधारीची वही गिऱ्हाईकासमोर उघडून दाखवणं, बियाणं उगवलं नाही तर "कंपनीला विचारा" न म्हणता स्वतः शेतावर जाणं, हे कुठलं ॲप करणार आहे?

आणि आडत बाजारातल्या मित्रांना एवढंच सांगणं: कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार करू नका, पक्की पट्टी द्या. शेतकरी भावांनो, ती मागून घ्या. घरात जुन्या पट्ट्या असतील तर रद्दीत घालू नका. आपल्या बाजाराचा खरा इतिहास त्यातच लिहिलेला आहे.