मजुराच्या मरणाचा हिशेब

माणूस दुसऱ्याच्या चुकीने मेला तर त्याच्या बायकापोरांना दिवाणी दावा लावता येतो, ही गोष्ट आज आपल्याला स्वाभाविक वाटते. ज्या इंग्रजी कायद्यातून आपला कायदा आला, त्याला मात्र ती फार काळ मान्य नव्हती. १८०८ साली इंग्लंडात बेकर विरुद्ध बोल्टन हा दावा चालला. घोडागाडी उलटून एका गृहस्थाची बायको जखमी झाली आणि महिन्याभराने मेली. न्यायालयाने त्या गृहस्थाला भरपाई दिली, पण बायको जिवंत होती त्या महिन्यापुरतीच. दिवाणी न्यायालयात माणसाचा मृत्यू ही हानी म्हणून मांडताच येत नाही, असे न्यायाधीशांनी ठरवले. याचा सरळ अर्थ असा की, जखमी करणाऱ्याने पैसे भरायचे आणि ठार मारणाऱ्याने भरायचे नाहीत. त्याच देशात आणखी एक जुनी रूढी होती. ज्या वस्तूने माणूस मेला ती वस्तू, किंवा तिची किंमत, राजाकडे जमा व्हायची. मेलेल्याच्या घरी काहीच जायचे नाही. रेल्वे आली, अपघात वाढले, तेव्हा कुठे १८४६ साली ही रूढी रद्द झाली आणि त्याच वर्षी लॉर्ड कॅम्पबेल यांच्या कायद्याने मृताच्या कुटुंबाला दाव्याचा हक्क दिला.

आपल्याकडे तो हक्क १८५५ च्या तेराव्या कायद्याने आला. प्राणघातक अपघातांचा कायदा म्हणून तो ओळखला जातो. पण 'आपल्याकडे' म्हणजे ब्रिटिश मुलखात. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तो कायदा इथवर यायला १९५१ साल उजाडावे लागले. ब्रिटिश मुलखातल्या गिरणी कामगाराच्या विधवेला जो हक्क कागदावर तरी होता, तो मराठवाड्यातल्या विधवेला मिळायला ९६ वर्षे लागली. मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा करताना आपण सिंचन आणि उद्योग मोजतो. कायद्याचा हा अनुशेष कोणी मोजत नाही.

या कायद्याचे एक मूलतत्त्व विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. हा कायदा गेलेल्या माणसाची भरपाई करत नाही, त्याच्या जाण्याने थांबलेल्या कमाईची भरपाई करतो. कमाई कोणाची किती हे मात्र न्यायालय ठरवत नाही. ते आधीच ठरलेले असते. गावात कोणाच्या वाट्याला जमीन आली, कोणाच्या वाट्याला येसकरकी, कोणी शाळेत बसायचे आणि कोणी ढोरामागे जायचे, हे ज्या व्यवस्थेने ठरवले तिनेच ही कमाईही ठरवली. न्यायालय फक्त गुणाकार करते. म्हणून कायद्याच्या कोणत्याही कलमात जातीचा उल्लेख नसताना निकालाच्या शेवटच्या आकड्यात जात उतरते.

हे देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी फार स्पष्ट दिसते. सेलू तालुक्यातला हा फाटा जालना-जिंतूर रस्त्यावर आहे, आणि तिथून सेलूकडे रस्ता वळतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या अशा कोणत्याही फाट्यावर उभे राहा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर भांडीकुंडी, शेळ्या, सरपण, आणि त्या ढिगावर बसलेली माणसे. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या या. त्यातला एखादा ट्रॅक्टर उलटला, की विमा कंपनीचे पहिले म्हणणे असे असते की, ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा आहे, ट्रॉलीत बसलेल्यांचा नाही. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत, मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो, मी फक्त उचल दिली. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा मुळात चांगला होता. मालकाची चूक सिद्ध करण्याची त्यात गरज नव्हती, कामावर मेला एवढे पुरे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. पण चूक सिद्ध करायची नसली तरी मालक कोण हे सिद्ध करावे लागते, आणि आमच्या मजुराला मालक असतो तो फक्त कामाच्या वेळी. मेल्यावर तो बेवारस ठरतो.

शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे, २ लाख रुपयांची. तिचा दरवाजा सातबारा आहे. ज्याच्या घरात कोणाच्याच नावावर गुंठाभर जमीन नाही तो शेतात राबत मेला तरी शेतकरी नव्हे.

मोटार अपघातांसाठी १९३९ चा कायदा होता. त्यात १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. १९८२ मध्ये चुकीचा प्रश्न न काढता मृत्यूसाठी १५,००० रुपये, आणि धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनासाठी ५,००० रुपये ठरले. १९८८ चा नवा कायदा आला, १९९४ मध्ये त्याला एक कोष्टक जोडले गेले. ज्याला काही उत्पन्न नाही त्याचे उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरावे, असे त्या कोष्टकात होते. पत्नी घरकाम करत असेल तर तिचे उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. हे कोष्टक कोणी कोणत्या हिशेबाने तयार केले असेल असा प्रश्न मला नेहमी पडतो.

माझा चुलता सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचे आणि पुढच्या पाडव्याला संपायचे. ज्वारी, थोडी रोकड, वर्षाला एक धोतरजोडी. बोली तोंडी. मी शाळेत होतो तेव्हा तो रस्त्यावर ट्रकखाली गेला. दावा उभा राहिला तेव्हा विमा कंपनीच्या वकिलाने माझ्या चुलतीला विचारले, उत्पन्नाचा दाखला आहे का? ती म्हणाली, "दाखला कशाचा बापा, ते रोज जायचे अन् रोज यायचे." ज्याच्याकडे तो साल करत होता तो साक्षीला आला नाही. किमान वेतनाचा कायदा त्याच्यावर उलटला असता. मग काय, उत्पन्न सिद्ध झाले नाही असे म्हणून तेच कोष्टकातले १५,००० धरले गेले. एक तृतीयांश त्याचा स्वतःचा खर्च वजा, उरले १०,०००, वय ३८ म्हणून गुणक १६. एक लाख साठ हजार. अंत्यविधीचे दोन हजार वेगळे. कायद्याच्या दृष्टीने या निकालात काहीही चूक नव्हती, हेच मला इथे सांगायचे आहे. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत राबणाऱ्या माणसाची नोंद बिनकमाईचा अशी झाली.

पुढे हा हिशेब सुधारला. सरला वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २००९ रोजी वयानुसार गुणक नक्की केले आणि प्रणय सेठी खटल्यात घटनापीठाने ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी भविष्यातल्या वाढीचे प्रमाण ठरवले. आता रोजंदारीवाल्याच्याही उत्पन्नात वाढ धरली जाते. ही मोठी प्रगती आहे. पण चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराला ती वाढ ५० टक्के, आणि स्वतंत्र किंवा ठरीव मिळकतीवर जगणाऱ्याला ४० टक्के.

मी वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवतो. मी ३४ वर्षांचा, कायम नोकरीत, पगार ८०,००० धरू. माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा, मिस्त्रीच्या हाताखाली. त्याचे उत्पन्न न्यायाधिकरणाने महिना ९,००० मानले असे धरू. दोघांच्याही मागे बायको, दोन मुले आणि आई. आई तर एकच. दोघांचाही गुणक १६, दोघांचीही वजावट एक चतुर्थांश. भावाच्या मृत्यूचे होतात १८,१४,४००. माझ्या मृत्यूचे १,७२,८०,०००, आयकर वजा जाता थोडे कमी. पगारात अंतर सुमारे नऊपट, मरणात साडेनऊपट. एकाच आईला एक मुलगा गेला तर एवढे आणि दुसरा गेला तर तेवढे. शिक्षणाने माझी किंमत वाढली असे म्हणायचे की त्याची वाढली नाही असे म्हणायचे? (आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारे मित्र हा हिशेब पाहून हसतात. ते बिचारे माझ्याएवढे शिकून भावाच्या रकान्यात बसतात.)

मुलांच्या मृत्यूचे तर आणखी विचित्र. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला टाटांच्या एका समारंभात आग लागून अनेक स्त्रिया आणि मुले मेली. लता वाधवा खटल्याचा निकाल २००१ साली लागला. दहा ते पंधरा वयाच्या मुलांचे भावी वार्षिक योगदान आधी १२,००० धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते २४,००० केले. कारण काय, तर ही मुले कंपनीच्या कर्मचाऱ्यांची आहेत आणि कर्मचाऱ्याच्या एका मुलाला नोकरी देण्याची कंपनीची परंपरा आहे. त्या मातापित्यांना जास्त मिळाले याचे कोणाला वाईट वाटणार नाही. पण बापाचा धंदा मुलाच्या मरणाची किंमत ठरवतो, हे तत्त्व आपल्या लोकांनी तरी ओळखले पाहिजे. आपला तर त्याच्याशी फार जुना परिचय आहे. त्याच निकालाने गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३,००० धरले, ही मात्र त्याची जमेची बाजू.

आता सरकारनेच माणूस मारला तर? इथे इतिहास वेगळ्या वाटेने जातो. १८६१ साली कलकत्त्याच्या न्यायालयात एका जहाज कंपनीने ईस्ट इंडिया कंपनीच्या वारसदार सरकारवर दावा लावला. सरकारी गोदीच्या मजुरांच्या हातून लोखंडाचा तुकडा पडला आणि कंपनीचा घोडा जखमी झाला. घोड्याचे ३५० रुपये मिळाले. पण निकालात एक भेद करून ठेवला गेला, की सरकार जिथे सार्वभौम सत्ता म्हणून वागते तिथे त्याला जाब विचारता येणार नाही. पोलीस ही सार्वभौम सत्ता! स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कस्तुरीलाल खटल्यात १९६४ च्या निकालाने तोच भेद उचलून धरला. घोड्याच्या खटल्यातून निघालेल्या या तत्त्वाने कोठडीत मेलेल्या माणसाच्या आईची वाट पुढची दोन दशके अडवली.

ती मोकळी झाली रुदुल शाह खटल्यात. बिहारचा हा माणूस १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही १४ वर्षे तुरुंगात होता. १९८३ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी त्याला ३५,००० रुपये देण्याचा आदेश दिला, तोही दिवाणी दाव्याविना, थेट कलम ३२ खाली. बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत ज्या कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले, तेच हे कलम. जवळपास ३५ वर्षांनी त्या आत्म्याला हात फुटले. पुढे नीलाबती बेहेरा खटल्यात, १९९३ मध्ये, ओडिशातल्या एका आईच्या पत्रावरून दीड लाखाची भरपाई झाली आणि मूलभूत हक्कांच्या बाबतीत सार्वभौम सत्तेचा बचाव चालणार नाही असे स्पष्ट झाले. पण तिथेही मुलाचे वय २२ आणि मासिक कमाई बाराशे ते पंधराशे, हे पाहूनच रक्कम ठरली.

कमाईचा हा फास सुटला तो दोन ठिकाणी. पहिले अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे नियम. १९९५ च्या मूळ नियमांत खुनासाठी कमावत्याला २ लाख आणि न कमावत्याला १ लाख असा भेद होताच. २०१६ च्या दुरुस्तीने तो गेला, सर्वांना ८,२५,००० झाले. दुसरे ठिकाण गटार. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख देण्यास सांगितले, आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंग खटल्यात ते ३० लाख केले. गुणक नाही, वजावट नाही, दाखला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गोवंडीच्या तीन विधवांना याच मार्गाने प्रत्येकी १० लाख मिळवून दिले. आपल्या परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे ११ मे २०२३ रोजी मैल्याची टाकी साफ करताना पाच मजूर गेले. ३० लाखांचा निकाल पाच महिन्यांनी आला.

कार्यकर्त्यांसाठी दोन गोष्टी मध्येच सांगून ठेवतो. मोटार अपघाताच्या दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा सहा महिन्यांची मुदत लागू झाली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. आणि अज्ञात वाहनाने उडवले तर मृत्यूसाठी आता २ लाख आहेत. त्याचा अर्ज महसुली अधिकाऱ्याकडे करायचा असतो, न्यायालयात नव्हे. रात्री फाट्यावर मेलेल्या कितीतरी माणसांच्या घरी हे कोणी सांगितलेलेच नसते.

आणि परभणी. १० डिसेंबर २०२४ रोजी शहरात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी, वय ३५, वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे कारण शवविच्छेदनात नोंदले गेले. राज्य सरकारने १० लाख जाहीर केले. कुटुंबाने ते घेतले नाहीत.

विद्यार्थ्याचे उत्पन्न काय धरावे, वजावट निम्मी की एक तृतीयांश, हा सगळा हिशेब त्या घरासमोर कधीतरी मांडला गेला असता. त्याच्या आईने त्याआधीचा प्रश्न विचारला: मारणाऱ्यांवर गुन्हा का नाही? न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला होता, तरी गुन्हा नव्हता. तिच्या याचिकेवर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेले. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ते अपील फेटाळले, आणि मृत्यूनंतर साडेसात महिन्यांनी परभणीत गुन्हा नोंदला गेला.