विलायतेतील ‘बी’ वर्गाचे शिक्षक



परदेशगमनाचा विषय निघाला म्हणजे आपल्यापुढे चटकन दोन माणसे उभी राहतात. एक, करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेला मजूर. दुसरा, इंग्लंडातील इस्पितळात नोकरीस लागलेला डॉक्टर. या दोघांच्या मध्ये एक तिसरा मनुष्य आहे आणि आपल्या बोलण्यात तो सहसा येत नाही. तो म्हणजे पदवी आणि शिक्षणशास्त्राची परीक्षा पदरी बांधून १९६० नंतरच्या वर्षांत विलायतेस गेलेला शाळामास्तर. त्याची विद्या आम्हांस हवी आहे, असे तिकडच्या सरकारने त्याला लेखी कळविले होते. तरीही तेथे पोचल्यावर यांतील पुष्कळांना शाळेची पायरी चढता आली नाही. असे का घडले, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम कायद्याची हकिकत सांगितली पाहिजे. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्वाच्या कायद्याने राष्ट्रकुलातील कोणाही नागरिकास ब्रिटनमध्ये जाऊन राहण्याची व काम करण्याची मोकळीक होती. आपण स्वतंत्र झालो तरी हा दरवाजा आपल्याला उघडाच होता. अडचण असलीच तर ती घरच्या बाजूने होती. पासपोर्ट देणे न देणे ही सरकारच्या मर्जीची गोष्ट समजली जाई. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९६७ साली, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा नवा कायदा झाला. परकीय चलनाचीही तीच तऱ्हा. त्या पिढीतील माणसे आजही सांगतात, की आम्ही खिशात तीन पौंड घेऊन निघालो. पौंडाचा भाव त्या वेळी तेरा रुपये आणि वर एक तृतीयांश रुपया होता, म्हणजे तीन पौंडांचे बरोबर चाळीस रुपये होतात. परमुलखात पाऊल टाकणाऱ्या पदवीधराचे सारे भांडवल एवढेच!

१ जुलै १९६२ रोजी ब्रिटनने हा दरवाजा अर्धा लोटला. राष्ट्रकुलातील आगंतुकांविषयीचा नवा कायदा त्या दिवशी अमलात आला आणि काम करण्यासाठी येणाऱ्यास मजूर खात्याचे व्हाउचर लागू लागले. त्याचे तीन वर्ग होते. ज्याला एखाद्या मालकाने ठराविक नोकरी देऊ केली आहे तो ‘ए’ वर्गात. ज्याच्या अंगी ब्रिटनला हवी असलेली विद्या किंवा कसब आहे तो ‘बी’ वर्गात. बाकीचे सारे ‘सी’ वर्गात. तिसऱ्या वर्गात अर्जांचा एवढा ढीग साचला, की १९६४ नंतर ती व्हाउचरे निघेनाशी झाली आणि ऑगस्ट १९६५ च्या श्वेतपत्रिकेने तो वर्ग रद्दच केला. वर्षाकाठी ८,५०० व्हाउचरे एवढी मर्यादा तिने घातली आणि त्यांतूनही १,००० एकट्या माल्टा बेटासाठी राखून ठेवली. ‘बी’ वर्गात कोण बसतो तेही तिने स्पष्ट केले. डॉक्टर, दंतवैद्य, शिकलेल्या परिचारिका, विज्ञान व तंत्रविद्येचे अनुभवी पदवीधर, आणि त्यांच्याच पंक्तीला शिक्षक.

या ‘बी’ वर्गाचे वैशिष्ट्य ध्यानात घ्या. ‘ए’ वर्गाचा परवाना नोकरीला चिकटलेला होता, ‘बी’ वर्गाचा माणसाला. म्हणजे नोकरी हातात नसतानाही तुम्ही जाऊ शकत होता. ही मोठीच सवलत होती, आणि गोम हीच होती.

शिक्षक हवे होते हे मात्र खोटे नव्हते. महायुद्धानंतर जन्मलेली मुले शाळांतून दाटली होती, १९४७ साली शाळा सोडण्याचे किमान वय १४ वरून १५ केले होते, आणि १९६० पासून अध्यापकांचा प्रशिक्षणक्रम दोनाचा तीन वर्षांचा झाल्यामुळे नव्या शिक्षकांचा पुरवठा काही काळ आखडला होता. शिक्षकांवाचून वर्ग अडले होते. मग अडले कोठे?

याचे उत्तर डॉक्टरांकडे पाहिले म्हणजे सापडते. आपल्या वैद्यकीय पदव्या ब्रिटनच्या वैद्यक परिषदेस मान्य होत्या. ती मान्यता १९७५ साली काढून घेण्यात आली. नोंदणीपुस्तकात नाव चढले की डॉक्टर झालाच, आणि त्याला कामावर घेणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा साऱ्या देशाची एकच. रात्रपाळ्या आणि दुय्यम जागा पत्करणारे कोणी तरी तिला हवेच होते. शिक्षकाची गोष्ट निराळी. त्याचे व्हाउचर देणार मजूर खाते, त्याला ‘अर्हताप्राप्त शिक्षक’ म्हणून मान्यता देणार शिक्षण खाते, आणि प्रत्यक्ष नेमणूक करणार स्थानिक शिक्षण समित्या. अशा समित्या शंभराहून अधिक होत्या, प्रत्येकीचे धोरण वेगळे, आणि शेवटचा शब्द बहुधा मुख्याध्यापकाचा. एका खात्याने बोलावले म्हणून दुसऱ्याने पाट मांडावा असे कोणावरही बंधन नव्हते.

आणि पाट मांडला गेला नाही. कारणे सांगितली जात ती अशी, की यांचे इंग्रजी मुलांना समजणार नाही, यांना वर्ग आवरणार नाही, पालक तक्रार करतील. यांतील पहिल्या दोहोंत मुळीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पन्नास-साठ मुलांच्या शांत वर्गापुढे फळ्यावर लिहून शिकविण्याची ज्याला सवय, त्याला तिकडच्या प्राथमिक शाळेतील मोकळा कारभार, मुले गटागटांनी काही तरी करीत आहेत आणि गुरुजी त्यांच्यात फिरत आहेत, हा गोंधळच वाटणार. उच्चारांचेही तसेच. आपल्याकडे इंग्रजी पुस्तकातून येते, तिकडे ते गल्लीतून येते. परंतु हे दोष वर्ष सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाने जाण्यासारखे होते, आणि पुढे भारतीय व इतर परदेशी शिक्षकांसाठी तसे अभ्यासक्रम काढलेही गेले. ते व्हाउचरांबरोबरच का निघाले नाहीत, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

त्यात आणखी एक विसंगती. १९७० च्या सुमारापर्यंत ब्रिटिश विद्यापीठाचा पदवीधर प्रशिक्षणाचा एक दिवसही न घेता शाळेत शिकवू शकत असे. पदवी हीच त्याची लायकी. म्हणजे कालपरवा विद्यापीठातून बाहेर पडलेला तरुण वर्गात उभा, आणि दहा वर्षे शिकवून आलेला बी. टी. झालेला मास्तर बाहेर ताटकळत!

तिसरे कारण, पालक तक्रार करतील हे, खरे तर शिक्षकाच्या गुणांविषयीचे नव्हतेच. १९६७ साली ब्रिटनमध्ये वंशभेदाविषयी एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात एकाच नोकरीसाठी किंवा घरासाठी एक इंग्रज, एक हंगेरियन निर्वासित आणि एक काळा अथवा आशियाई माणूस पाठोपाठ पाठवून अनुभव घेतला होता. हंगेरियनाला बहुधा थारा मिळे, तिसऱ्याला नाही. उच्चाराचाच प्रश्न असता तर हंगेरियनालाही तीच वागणूक मिळावयास हवी होती. शिवाय जो अधिक शिकलेला, अधिक चांगले इंग्रजी बोलणारा, त्याच्या वाट्याला हा भेद अधिक येतो असेही दिसून आले. मजूर मजुराची जागा मागतो तोवर कोणाचे बिघडत नाही. शिकलेला मनुष्य साहेबाच्या मुलापुढे खुर्चीवर बसू मागतो, तेव्हा बिघडते. नोकरीत असा भेद करणे १९६८ च्या कायद्याने प्रथम बेकायदेशीर ठरले. १९६५ च्या कायद्यात नोकरीचा उल्लेखच नव्हता.

ही स्थिती केवळ भारतीयांची नव्हती. ब्रिटिश गियानातून आलेल्या बेरिल गिलरॉय या बाई मायदेशी प्रशिक्षित शिक्षिका होत्या. १९५० नंतर लौकरच त्या लंडनला आल्या, शाळेत जागा मिळेना म्हणून मिळेल ती कामे त्यांनी केली, मग शिक्षिका झाल्या आणि १९६९ साली लंडनमधील एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांचे आत्मकथन १९७६ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या मास्तरांपैकी किती जणांनी कारखान्यात, ओतशाळेत, टपालकचेरीत किंवा बसच्या कंडक्टरीत वर्षे काढली, त्यांची आत्मकथने मात्र आपल्यापाशी नाहीत. घरी पत्र लिहिताना ही गोष्ट गाळण्याकडेच कल असणार. गावाने हार घालून पाठविलेले असते.

त्याच वेळी शाळांत काय चालले होते पाहा. लंडनजवळच्या साउथॉलमध्ये पंजाबी मुलांची संख्या वाढली म्हणून १९६३ साली गोऱ्या पालकांनी ओरड केली आणि शिक्षणमंत्री सर एडवर्ड बॉइल यांना तेथे जावे लागले. १९६५ च्या जूनमध्ये शिक्षण खात्याने परिपत्रक काढून एका शाळेत अशी मुले एक तृतीयांशाहून अधिक नसावीत असे सुचविले आणि मुलांना बसगाड्यांत घालून दूरदूरच्या शाळांत नेणे सुरू झाले. इंग्रजी न येणाऱ्या या मुलांची भाषा ज्यांना येत होती आणि शिकविण्याची विद्याही येत होती, अशी माणसे देशात होती, सरकारनेच बोलावून आणलेली होती. मुलांना वाटून टाकावे हे सुचले. मास्तरांना वर्गात घ्यावे हे फार थोड्यांना सुचले. त्यात नुकसान एकट्या मास्तरांचे झाले नाही.

व्हाउचरांची पद्धत १९७१ च्या कायद्याने संपली. तो १ जानेवारी १९७३ रोजी अमलात आला आणि मालकाने मागितलेल्या कामाच्या परवान्यांचे युग सुरू झाले.

आता अलीकडची गोष्ट. १ फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने भारत, घाना, जमैका, नायजेरिया इत्यादि नऊ ठिकाणच्या शिक्षकांना तिकडची अर्हता मिळविण्यासाठी थेट अर्ज करण्याची वाट खुली केली. आपल्या शहरांतील तरुण शिक्षक त्याविषयी चौकशी करताना दिसतात. ती वाट खुली झाली तेव्हा गणित, विज्ञान आणि भाषा शिकविणाऱ्यांपुरतीच होती. इतिहासाच्या मास्तराला तिच्यात जागा नव्हती. दरवाजे पूर्वीसारखे तीनच आहेत. अर्हता शिक्षण खाते देते, व्हिसा गृहखाते, नोकरी शाळा. परंतु क्रम उलटला आहे. जिला परदेशी माणूस आणण्याचा परवाना आहे अशा शाळेने आधी नोकरी दिली पाहिजे, मग व्हिसा. म्हणजे १९६२ च्या भाषेत बोलावयाचे तर ‘बी’ वर्ग गेला, ‘ए’ वर्ग राहिला. आज जाणाऱ्या मास्तरावर कंडक्टर होण्याची पाळी येत नाही, हे चांगलेच झाले. पण १९६३ साली गेलेल्याच्या हातून खडू गेला तरी देश जात नव्हता. तो दुसरे काम धरी, बायकामुलांना बोलावून घेई, आणि कधी तरी शाळेत शिरण्याची वाट पाही. नव्या व्यवस्थेत शाळेने नोकरी काढून घेतली, तर दुसरी शाळा शोधण्यास साधारण ६० दिवस मिळतात.