वहीत अडकलेले हात

बाळाचे ठोके मोजणाऱ्या डॉपलरनं आणि सोनोग्राफीनं हात बिघडवले, असं म्हणत माझ्या वयाच्या निवृत्त सिस्टर नव्या पोरींच्या नावानं बोटं मोडतात. मला ते पटत नाही. हात सुटले ते यंत्र यायच्या कितीतरी आधी.

तुमसरहून बपेऱ्याच्या रस्त्यानं गेलं की सिहोरा, पुढं बावनथडी, नदीपलीकडं मध्य प्रदेश. इथं एकेकाळी बाळंतपण घरीच व्हायचं, ऐन धानाच्या रोवणीतसुद्धा. सुईण पोट चाचपून सांगायची, मूल डोक्यावर आहे की पायाळू. पण विळ्यानं नाळ कापायची, वर राख दाबायची आणि आठवड्यात धनुर्वातानं बाळ जायचं, हेही त्याच हातांनी घडायचं. सुइणींना शिकवायला व्हाइसरॉयची बायको लेडी कर्झननं 1903 साली व्हिक्टोरिया स्मृती निधी काढला. पुढं सरकारी शिबिरांत पाच स्वच्छता आल्या: हात, जागा, ब्लेड, दोरा, नाळ. चांगलंच झालं. फक्त सुइणीकडूनही काही शिकावं, हे कुणाला सुचलं नाही.

आम्हाला एएनएमच्या, म्हणजे गावपातळीवरच्या नर्स-दाईच्या, शाळेत शिकवलं ते असं. बाईला गुडघे मुडपून निजवायचं, तळवे चोळून ऊब आणायची, मग पोटाला हात. वर मऊ, पसरट लागलं तर कुल्ले. टणक, वाटोळं, बोटांत हलणारं लागलं तर डोकं. एका कुशीला सलग पाठ, दुसरीला हातापायांचे गोळे. पाठीच्या बाजूला फिटोस्कोप टेकवायचा, कान लावायचा, हात काढून घ्यायचा. पॅरिसच्या पिनार्डनं 1895 साली केलेलं हे साधं शिंग. मोकळ्या हातानं बाईची नाडी धरायची, नाहीतर तिचेच ठोके बाळाचे म्हणून मोजले जातात. डॉपलरही तीच चूक करतो. आकडा दाखवतो, कुणाचा ते सांगत नाही.

मग 1973 साली कर्तारसिंग समितीनं आम्हाला बहुउद्देशीय केलं. लसीकरण, मलेरिया, कुटुंबनियोजनाची टार्गेटं आणि या सगळ्याच्या वह्या. नसबंदीच्या केसेस किती आणल्या, हे मीटिंगमध्ये विचारायचे. किती पोटं तपासली, हे क्वचितच. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली, 2014 साली राज्यात 108 ची रुग्णवाहिका. बाया दवाखान्यात पोचू लागल्या, जीव वाचले, यात वाद नाही. पण उपकेंद्रात बाळंतपणं उरली नाहीत, आणि रोज न केलेलं काम बोटं विसरतात. डॉपलर आला तो या रिकाम्या जागेत.

यंत्र बरं की कान, या वादात डब्लिनमधला सुमारे 13,000 बायांवरचा, 1985 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. ठोक्यांचा अखंड आलेख काढणारं यंत्र एकीकडं, थोड्या-थोड्या वेळानं कान लावणं दुसरीकडं. बाळांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. यंत्रामुळं बाळांना येणारे झटके मात्र कमी झाले. या निकालावर यंत्रवाले आणि कानवाले दोघंही हक्क सांगतात. त्या इस्पितळात कळा देणाऱ्या प्रत्येक बाईजवळ एक नर्स बसून असायची, हे मात्र दोघंही गाळतात. आपल्याकडं एकटी सिस्टर तीन टेबलं सांभाळते. तिनं यंत्राचा पट्टा बांधला तर तिला काय बोलायचं?

2018 साली केंद्रानं मिडवाइफ पुन्हा घडवायचं ठरवलं, अठरा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन. त्याला नर्सिंगची जीएनएम पदविका किंवा बीएस्सी नर्सिंग लागतं. उपकेंद्रातली एएनएम त्यात बसत नाही. तिला नोंदी भरायला ‘अनमोल’ नावाचं टॅबवरचं ॲप मिळालं, आणि वह्या होत्या तशाच राहिल्या.