दहानंतरचा डॉल्बी

पेपरतपासणीच्या दिवसांत आमचे चित्रपट पाहणे रात्री साडेदहाच्या आधी सुरू होत नाही. विश्रांतवाडीतील आमच्या इमारतीत त्या सुमारास बहुतेक दारे बंद झालेली असतात, शेजारच्या खोलीत वडीलधारी मंडळी निजलेली असतात आणि आम्ही होम थिएटरचा रिमोट हातात धरून बसतो. पात्रे कुजबुजू लागली की आवाज वाढवायचा, मोटारींची टक्कर झाली की घाईने कमी करायचा. या कवायतीतून सोडवणारे एक बटण त्याच रिमोटवर असते. कुणी उत्पादक त्याला ‘नाइट लिसनिंग’ म्हणतो, कुणी ‘लेट नाइट’, कुणी ‘मिडनाइट’. ते दाबले की कुजबुज जवळ येते आणि स्फोट दूर जातो. वरकरणी ही एक किरकोळ सोय. परंतु मराठी माणसाचे रात्रीचे ऐकणे या बटणापर्यंत कसे येऊन पोचले, हे पाहू गेल्यास ती तितकी किरकोळ राहत नाही.

आपली जुनी रंजनपरंपरा बव्हंशी रात्रीची होती. जागरण-गोंधळ रात्रभर चाले. कीर्तन आणि तमाशा उशिरापर्यंत रंगे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग पुण्यात झाला आणि पुढे ‘वन्समोअर’ घेत घेत पहाटेपर्यंत लांबणारी संगीत नाटके ही नवलाई राहिली नाही. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. नटाचा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोचे, यात त्याच्या गळ्याचा वाटा होता, तसाच भोवतीच्या निजलेल्या गावाचाही होता. रात्र ही केवळ सवडीची वेळ नव्हती; बारीक आवाज ऐकू येण्याची ती वेळ होती.

१९५३ साली पं. भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. रागाची वेळ आणि घड्याळाची वेळ एकमेकींना भेटतात, हा अनुभव या महोत्सवाने पुणेकरांच्या पिढ्यांना दिला. दरबारी मध्यरात्रीच्या सुमारास ऐकावा, मालकंस त्याच्या मागेपुढे, आणि भैरवी होईतो उजाडावे. त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षापासून आकाशवाणी शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम प्रसारित करू लागली होती, आणि १९५७ मध्ये विविध भारती आली. मंडपात हजारोंनी मिळून ऐकायची रात्र आणि उशाशी ट्रान्झिस्टर ठेवून एकट्याने ऐकायची रात्र अशा दोन रात्री मग शेजारी शेजारी नांदू लागल्या. दुसऱ्या रात्रीत एक नवा संकोच होता. भिंतीपलीकडच्याची झोप मोडू नये, हा तो संकोच.

आवाज हळू केला की तो नुसता लहान होत नाही, त्याचे रूपही बदलते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. आवाज जितका क्षीण, तितका आपला कान खालच्या स्वरांना बहिरा होत जातो. जुन्या ॲम्प्लिफायरवरचे ‘लाउडनेस’ हे बटण याच उणिवेची भरपाई करीत असे. दरबारीसारखा राग, ज्याचे सारे वैभव मंद्र सप्तकात, तो मध्यरात्री हळू आवाजात लावला की अधिक सोसतो, याचे कारण हेच.

आता डॉल्बीकडे येऊ. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली, ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्यासाठी. युक्ती साधी होती. मुद्रण करताना क्षीण आवाज उचलून धरायचे आणि वाजवताना ते पूर्वस्थितीला आणायचे. त्यांच्याबरोबर फितीची खरखरही खाली जाते. हलक्या आवाजाला गोंगाटातून वाचवणे हे या माणसाचे काम. महाराष्ट्रात मात्र ‘डॉल्बी’ म्हणजे मिरवणुकीतील छाती हादरवणारी ध्वनिवर्धकांची भिंत. ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ अशी आवाहने निघतात, तेव्हा एका ध्वनिशांतकाचे नाव गोंगाटाला चिकटलेले असते. भाषेच्या विद्यार्थ्यांनी अर्थविपर्यासाचे उदाहरण म्हणून हे जरूर टिपून ठेवावे.

याच कंपनीची डिजिटल ध्वनिपद्धती १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर चित्रपटगृहात आली आणि पुढे डीव्हीडीच्या मार्गाने घरात शिरली. चित्रपटगृहासाठी ध्वनिमिश्रण करताना एकेका वाहिनीला सुमारे १०५ डेसिबलपर्यंतचे शिखर गृहीत धरतात. कुजबुजीपासून तिथपर्यंतचा पल्ला दिवाणखान्यात, तोही रात्री, मावणार कसा? म्हणून तबकडीवर ध्वनीसोबतच काही अदृश्य सूचना नोंदवलेल्या असतात : इथे आवाज इतका आवरा, तिथे इतका उचला. रात्रीचे बटण दाबले की यंत्र त्या सूचना पाळू लागते. काही यंत्रे हेच काम स्वतःच्या हिशेबाने कुठल्याही ध्वनीवर करतात. तत्त्व एकच : पल्ला आखडायचा.

घरात हे घडत असताना बाहेर कायदा आला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र ठरवली आणि निवासी भागासाठी तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाजगी मालकीच्या ध्वनियंत्रणेचाही विचार केला : आपल्या जागेच्या हद्दीवर तिचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाऊ नये. एक बारकावा येथे नोंदवला पाहिजे. कायद्याचे डेसिबल ज्या ‘ए’ मापाने मोजतात, ते माप फ्लेचर-मन्सन यांच्या आलेखांवरूनच घडले असून खालच्या स्वरांना ते फार कमी वजन देते. सबवूफरचा दणका स्लॅबमधून खालच्या मजल्यावर पोचतो, आणि मापकावर तो आहे त्याहून सौम्य दिसतो. शेजारधर्म तेव्हा निव्वळ आकड्यावर सोपवता येत नाही.

या नियमांनंतर सवाईची रात्रही दहाच्या आत आटोपू लागली. एखाद्या दिवशी बारापर्यंतची सवलत मिळते, इतकेच. अनेक रसिकांनी त्याबद्दल कायद्याला दोष दिला. आम्हांस तो पुरता पटत नाही. रात्र बेसूर केली ती भिंतीएवढ्या कर्ण्यांनी. त्यांच्यासाठी केलेल्या नियमात तानपुराही सापडला. परिणाम मात्र असा झाला, की मध्यरात्रीचा राग मध्यरात्री ऐकायचा तर आता बहुधा घरीच, दार लावून, हळू आवाजात ऐकावा लागतो.

आम्ही तो तसा ऐकून पाहिला. एका मैफलीच्या डीव्हीडीवर दरबारी होता. रात्रीचे बटण चालू होते. आलापीच्या दोन वाक्यांमध्ये गायक थांबला की तानपुरे फुगून पुढे येत, आणि तो तारसप्तकात गेला की कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवल्यासारखे वाटे. मंद्रातला षड्ज आणि तान एकाच उंचीवर आली होती. चित्रपटात जी सोय वाटते, ती गाण्यात गाण्याच्या अर्थालाच हात घालते, हे त्या रात्री कळले.

तरीही बटण बंद करणे सोपे नव्हते. कारण वरून जशी शेजाऱ्याच्या झोपेची मर्यादा होती, तशी खालून शहराची होती. आळंदी रस्त्यावरची वाहतूक, पंखा, आणि लोहगावच्या धावपट्टीवर उतरणारी विमाने. या साऱ्यांच्या पातळीखालचा आलाप ऐकूच येत नाही. या दोहोंमध्ये उरलेली जागा, तेवढीच आपली रात्र.

२६ ऑक्टोबर २०२० पासून धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी पुण्याची रात्रीची विमाने वर्षभर बंद राहिली. साथीचे दिवस होते, रस्तेही रात्री निर्मनुष्य असत. त्या हिवाळ्यात एकदा आम्ही तोच दरबारी लावला, बटण बंद करून, आवाज नेहमीहून खाली ठेवून. पंखा नव्हता. मंद्रातला गंधार हलला तो आम्हांस ऐकू आला. शेजारची खोली जागी झाली नाही. यंत्र तेच होते, भिंती त्याच होत्या. फक्त खालची पातळी उतरली होती. किर्लोस्करांच्या प्रेक्षकांना जी शांतता फुकट मिळे, ती आम्हांस काही महिने उसनी मिळाली.

पुढे विमाने पुन्हा सुरू झाली आणि आम्हीही चित्रपटांपुरते ते बटण पुन्हा चालू केले. गाण्यासाठी मात्र आता थंडीतली रात्र निवडतो, पंखा बंद करतो, आणि विमान जाईपर्यंत थांबतो.