खांदेरीचं दीपगृह

अलिबागजवळच्या थळ किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही बेटं आहेत. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईचे इंग्रज हादरले. बंदराच्या तोंडाशीच मराठ्यांचं ठाणं बसत होतं. इंग्रजांनी आरमार धाडलं, तरी मराठा आरमारातल्या मायनाक भंडारींच्या माणसांनी रसद पोहोचती ठेवली. भर लढाईत तट उभा राहिला, हा पराक्रम मोठाच. मराठ्यांचा शत्रू असलेल्या जंजिऱ्याच्या सिद्दीने मग उंदेरी गाठली.

याच खांदेरीवर १८६७ मध्ये ब्रिटिशांनी दीपगृह उभारलं, मुंबईकडे येणाऱ्या जहाजांसाठी.

अष्टकोनी मनोऱ्याला आज मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे, आणि ते शोभतं. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीत आली. कोळी बांधव मात्र वेताळाच्या दर्शनाला तिथे पूर्वापार जातात.