चूल पेटती तोवर वाडा उभा

आजचा भाग जेवणाबद्दल आहे, आणि पडक्या भिंतींबद्दलही.

मी नरखेड तालुक्यातला. बीटेक करून सध्या पुण्यात कोड लिहितो. परवा ऑफिसमधल्या मित्रांसोबत सासवडजवळच्या जाधवगडावर जेवायला गेलो. छत्रपती शाहू महाराजांचे सरदार पिलाजी जाधवराव यांनी १७१० मध्ये ही गढी बांधली. विठ्ठल कामत यांच्या कंपनीने तिची डागडुजी करून २००७ मध्ये तिथे हॉटेल सुरू केलं. आत जुन्या वस्तूंचं एक संग्रहालय आहे. त्याचं नाव 'आई'.

ताटात भाकरी आली आणि मला आमचा वाडा आठवला. मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर कवेलू, दारातच ढेलज. आज त्याचे सात हिस्सेदार आहेत आणि राहायला कोणीच नाही. दर पावसाळ्यात एक भिंत बसते.

असं का होतं? मातीचं घर रोज सांभाळावं लागतं. चुलीचा धूर लाकडातली कीड दूर ठेवतो. सारवणामुळे भेगा बुजतात. पावसाळ्याआधी कवेलू फेरले नाहीत तर पाणी थेट भिंतीत उतरतं. माझी आजी हे एका वाक्यात सांगते, "चूल इझली का वाडा पडते, बाप्पा!"

म्हणून मला वाटतं, जुन्या वास्तूत खानावळ चालणं यात वाईट काही नाही. तिथे रोज झाडलोट होते, गळती लगेच दिसते, दुरुस्तीला पैसा येतो.

पण प्रत्येक वास्तूला हा नियम लावता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले २५ किल्ले हॉटेलांसाठी देणार अशी बातमी आली आणि लोक भडकले. शिवरायांच्या इतिहासाशी जोडलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. लोकांचा राग मला पटतो. जिथे माणसं डोकं टेकवतात, तिथे मेन्यूकार्ड नको. आमच्या वाड्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या पंगतीच बसल्या.

आणि कधी कधी वाचवायला वास्तूच उरत नाही. आमच्याच तालुक्यातलं मोवाड घ्या. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने दोनशेहून जास्त माणसं नेली, घरं नेली. गाव नव्या जागी वसवावं लागलं. जुन्या घरांतलं जे नव्या घरांत आलं, ते बायकांच्या हातात होतं: गोळाभात, पाटवडी रस्सा, रोडगे.

भिंत पडली तर गवंडी मिळतो. हातची चव गेली तर कोणाला बोलावणार?

वाड्याचं काय करायचं, ते सात हिस्सेदार ठरवतील तेव्हा ठरवतील. मी दिवाळीत आजीला चुलीपुढे बसवलं आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. मीठ किती, विचारलं तर म्हणाली, "अंदाजानं."

तुमच्या घरचा अंदाज कोणाकडे आहे? या सुट्टीत विचारून घ्या. भेटू पुढच्या भागात!